सेकंड इयरला बर्गरच्या दुकानात पार्टटाइम : घेऊ की नको?

फलाट_दहा_अ

नमस्कार. वर्षभर इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी ऐरोलीची, कॉलेज ठाण्यात. एस.वाय.बी.एस्सी., केमिस्ट्री. सकाळी साडेसातला लेक्चरं सुरू. मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिकल असतं, ते संपायला चार वाजतात. पुढच्या वर्षी एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची आहे. क्लास लावायचा की घरीच करायचं ते ठरलेलं नाही, पण लॅपटॉप लागणार हे नक्की. बाबा रबाळे एमआयडीसीत होते. कंपनीने युनिट गुजरातला हलवलं, तेव्हापासून ते एका सोसायटीत सुपरवायझर आहेत. घर चालतंय. फक्त काही मागायचं असलं की मी आधी तीन दिवस मनातल्या मनात वाक्य जुळवत बसते.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीबरोबर ठाण्यातल्या एका मॉलमध्ये गेले होते. फूड कोर्टात एका बर्गरवाल्याकडे 'क्रू पाहिजेत' असा कागद लावलेला. तिने गंमत म्हणून फॉर्म भरला, मी खरंच भरला. (फोन मला आला. ती अजून रुसलेली आहे.)

तासाला ७५ रुपये, रोज पाच तास, आठवड्याला सहा दिवस, संध्याकाळी ५ ते १०. "कधीकधी क्लोजिंग पडेल, चालेल ना?" असं मॅनेजरने विचारलं आणि मी घाईघाईत "हो हो" म्हणून मोकळी झाले. परत येताना गाडीत बसल्यावर लक्षात आलं की क्लोजिंग म्हणजे किती वाजता, हे मी विचारलंच नाही.

आई म्हणते, तुझं तू बघ. बाबा काहीच म्हणत नाहीत, नुसता पेपर उलगडतात आणि परत घडी घालतात. आत्या म्हणाली, "टेबलं पुसायला बीएस्सी करतेस का?" शनिवारपर्यंत कळवायचंय. असं काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

तीन_हात_नाका

नको करू. शिकायचं वय आहे. पैसे काय, आयुष्यभर कमवायचेच आहेत.

कटिंग_स्पेशल

@तीन_हात_नाका, हे वाक्य घरी लॅपटॉप असलेली माणसंच म्हणतात असा माझा अनुभव आहे. हलके घ्या. आणि शिकू की कमवू असं तिने विचारलेलंच नाही. संध्याकाळी ५ ते १० चं विचारलंय.

तळणीवरचा

मी दोन वर्षं केलंय. वाशीला, एस.वाय. आणि टी.वाय. कॉमर्सला असताना. कुठल्या दुकानात ते राहू दे.

पहिला महिना लॉबी. ट्रे उचला, टेबलं पुसा, कचऱ्याच्या पिशव्या बदला, दर थोड्या वेळाने टॉयलेट बघून दाराच्या कागदावर सही करा. आत्याबाई चुकीचं बोलल्या नाहीत, टेबलं पुसावी लागतात. ओळखीचं कुणी आलं की पहिल्या आठवड्यात मी खांबामागे जायचो. दुसऱ्या आठवड्यात खांबामागे जायला वेळच मिळायचा नाही.

मग फ्राय. टायमर वाजला की बास्केट उचल, झटक, मीठ टाक, भर. तयार फ्राइज ठरलेल्या मिनिटांत गेले नाहीत तर फेकायचे आणि किती फेकले ते लिहून ठेवायचं. पहिल्या दिवशी फेकताना माझा हात दोनदा मागे आला. आमच्या घरी ताटातलं शीत टाकलं तर आजी बोलायची. पुढे सवय झाली. ती चांगली की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तू जे विचारायला विसरलीस ते. दहाला काउंटर बंद होतं ते गिऱ्हाइकासाठी. क्लोजिंगवाल्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. तेल गाळायचं, तेलाची टाकी आतून घासायची, ग्रिलवरची खरपुडी खरवडायची, शेकच्या मशिनचे भाग सुटे करून धुवायचे. मग जमिनीवर गरम पाणी, साबण, वायपर. नाल्याची जाळी (ही नेहमी नव्या पोराच्या वाट्याला). उद्याचा माल मोजायचा. मॅनेजरची कॅश जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. मॉल असेल तर पुढचं दार बंद झालेलं असतं, मागच्या दाराने सिक्युरिटीला बॅग दाखवून बाहेर. अकरा म्हणतात त्याचे बारा होतात, शनिवार-रविवारी साडेबारा. घरी जाऊन आंघोळ केली तरी केसांतला तेलाचा वास उशीला लागतो. आणि सकाळी साडेसातला लेक्चर. पहिल्या बाकावर बसून झोपलेला मुलगा कधी पाहिला असशील तर तो मीच.

एस.वाय.च्या दुसऱ्या सेमला दोन एटीकेटी लागल्या. घरी सगळ्यांनी नोकरीला दोष दिला. पण टी.वाय.ला मॅनेजर बदलला, नव्याने मला क्लोजिंगवरून काढून दुपारची शिफ्ट दिली, आणि तेवढेच तास काम करून मी सगळ्या विषयांत सुटलो. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच विचारतो : क्लोजिंग आठवड्यातून किती?

फायदा काय झाला तेही सांगतो. एका रविवारी रात्री आठला काउंटरवर वीसेक जणांची रांग, शेकचं मशिन बंद पडलेलं, आणि समोर एक काका "मॅनेजरला बोलवा" म्हणून ओरडतायत. त्यानंतर मला व्हायव्हाची भीती कधी वाटली नाही.

डाव्या मनगटावर बास्केटच्या कडेचा डाग अजून आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला की दिसत नाही.

सेक्टर_पंधराची_काकू

अगं बाळा, केमिस्ट्री करतेस आणि बटाटे कसले तळतेस! आमच्या कोपरखैरण्यात नववी-दहावीच्या सायन्स-मॅथ्सला मुली शोधून मिळत नाहीत. चार मुलं घेतलीस तरी घरबसल्या तेवढेच पैसे. तेलाचा वास नाही, रात्रीची दगदग नाही. शिवाय शिकवताना आपलंही पक्कं होतं.

फलाट_दहा_अ

काकू, ते करून झालंय. गेल्या वर्षी दोन मुलं होती. एकाच्या आई "दिवाळीनंतर एकदम देते" म्हणाल्या, आणि दिवाळीनंतर त्याने मोठा क्लास लावला. दुसऱ्याचे पैसे वेळेवर यायचे, पण त्याची परीक्षा आणि माझी परीक्षा एकाच वेळी यायची. मागायला मला जमत नाही हो, हाच तर मूळ प्रॉब्लेम आहे. दुकानात निदान मागावं तरी लागणार नाही.

@तळणीवरचा, खूप आभार. नाल्याची जाळी वाचून आई हसली. मी नाही हसले.

पगारपत्रक

मी पेरोलमध्ये आहे, महापे. पैशांचा हिशेब सरळ मांडून देतो, कारण ७५ गुणिले तास एवढाच आकडा डोक्यात ठेवून मुलं येतात आणि पहिल्या पगाराला रडतात.

२६ दिवस × ५ तास × ७५ = ९,७५०. त्यावर पीएफ १२ टक्के, पूर्ण रकमेवर धरला तर १,१७०. कामगार विम्याचे म्हणजे ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे ७४ रुपये, कारण ते वरच्या रुपयाला नेतात. हातात ८,५०६. व्यवसाय कर तुला नाही. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. पुरुषाला याच पगारावर १७५ गेले असते.

पीएफचे पैसे बुडत नाहीत. तुझ्या बारा टक्क्यांएवढेच मालकही भरतो, त्यातला मोठा वाटा पेन्शनकडे जातो. यूएएन नंबर एकदा मिळाला की तो जन्मभराचा. पुढच्या नोकरीत तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. मुलं इथेच घोळ घालतात आणि मग पाच वर्षांनी मला फोन करतात.

ईएसआयला हसू नको. ७४ रुपयांत तुला उपचार मिळतात, आणि आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही. वागळे इस्टेटचं आणि वाशीचं कामगार हॉस्पिटल ठाऊक असेलच. रांग आहे, वेळ जातो, सगळं खरं. पण गरम तेलाजवळ काम करणाऱ्याने हे कार्ड काढून ठेवावंच.

आता महत्त्वाचं. नेमणुकीच्या कागदावर 'अप्रेंटिस' हा शब्द आहे का बघ. अप्रेंटिस असशील तर ते विद्यावेतन, त्यावर पीएफ-ईएसआय लागू नाही. काम तेच, टाकी तीच. तोंडी 'ट्रेनी' काहीही म्हणोत, कागदावरचा शब्द वाच.

आणखी एक. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षेची व घरी सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. म्हणजे तुझं "हो हो" ही संमती झाली. ती मागे घेता येते. आणि घेणार नसशील तर "मला घरी कोण सोडणार?" हे विचारायचा हक्क तुझा आहे. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर ते दुकान कसं आहे ते जॉइन व्हायच्या आधीच कळलं, फुकटात.

रोजच्या आत-बाहेरच्या वेळा स्वतःच्या वहीत लिही. मशिनवर भरवसा ठेवू नको. हे मी मशिनच्या बाजूला बसून सांगतोय.

बेरकी_बंड्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. गोखले रोडला वडापावची गाडी लाव, या सगळ्या बीएस्सी-एमएस्सीवाल्यांपेक्षा जास्त कमवशील. पीएफ नाही, ईएसआय नाही, क्लोजिंग तुझ्या हातात.

कटिंग_स्पेशल

गाडी लावायची जागा तुझ्या नावावर आहे का रे बंड्या?

बेरकी_बंड्या

माझ्या नावावर असती तर मी इथे टाइमपास करत बसलो असतो का!

खारेगावकर

अवांतर : १९९६ ला वांद्र्याच्या लिंकिंग रोडला मॅकडोनाल्ड्स सुरू झालं तेव्हा आम्ही कळव्याहून लोकलने नुसतं बघायला गेलो होतो. काउंटरमागे कॉलेजची पोरं टोपी घालून इंग्रजीत बोलत होती. आम्हाला ती एअर होस्टेससारखी वाटली होती, खोटं नाही सांगत. त्यात कुणाला कमीपणा आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. टेबलं पुसणं हलकं काम कधी झालं, कुणास ठाऊक. दुकानं गल्लोगल्ली झाली तेव्हा झालं असावं.

तीन_हात_नाका

कामाला हलकं मी म्हटलेलं नाही. ती आत्या म्हणाली. माझ्यावर का घसरताय सगळे?

संपादक

वैयक्तिक चकमक नको. धाग्याचं काश्मीर करू नका. वडापावच्या गाडीसाठी वेगळा धागा काढा.

निवृत्त_मास्तर

तीस वर्षे ठाणे जिल्ह्यात पदवीच्या मुलांना शिकवले. धागाकर्तीस काही गोष्टी सांगतो.

मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. बहुतेक कॉलेजे दर सत्रात 'डिफॉल्टर'ची यादी लावतात. लेक्चर बुडाले तर नोट्स मिळतात. प्रॅक्टिकल बुडाले तर जर्नल अपुरे राहते, आणि अपुरे जर्नल घेऊन परीक्षेला उभे राहिलेल्या मुलाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. मंगळवार-गुरुवार तुम्ही चारला सुटणार आणि पाचला उभ्या राहणार. केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल उभ्याने असते, पुढचे पाच तासही उभ्याने. ते दोन दिवस नोकरीतून वगळा, एवढे तरी कराच.

मुलांनी कमवू नये असे मी म्हणणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा तिचा कणाच केला. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य वाशीच्या त्यांच्या कॉलेजात जाणारी मुले आजही वाचतात. तुमच्या कॉलेजात अशी योजना आहे का, याची चौकशी ऑफिसात करा. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळेत काचसामान मोजणे असली कामे असतात. पैसे फार मिळत नाहीत, बर्गरवाला नक्कीच जास्त देईल. पण कॉलेजच्या आवारातले काम परीक्षेच्या आड येत नाही.

२०२४ पासून मुलींना फी माफी आहे असे कुणी सांगेल. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, ठरावीक प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींसाठी आहे. साधे बी.एस्सी. त्यात बसत नाही. तरीही महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तुमच्या प्रवर्गासाठी काय आहे ते जरूर पाहा. अर्जाची मुदत निघून गेल्यावर माझ्याकडे येणाऱ्या मुलांची संख्या मुदतीत येणाऱ्यांपेक्षा नेहमी जास्त असे.

रोस्टरवाला

मी दुसऱ्या बाजूचा. नवी मुंबईत एका आउटलेटला शिफ्ट मॅनेजर होतो, चार वर्षं. आता दुसऱ्या धंद्यात आहे, त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

मॅनेजर "क्लोजिंग चालेल ना?" विचारतो तेव्हा तो तुझी परीक्षा घेत नसतो. त्याच्याकडे रोस्टरचा कागद असतो, त्यात रात्रीचे चौकोन रिकामे असतात, आणि ते भरायचे असतात. जो पहिला हो म्हणतो त्याचं नाव त्या चौकोनात बसतं आणि तिथून निघत नाही. 'कधीकधी' हा शब्द रोस्टरमध्ये लिहिता येत नाही.

म्हणून बोलायचं ते जॉइन होण्याआधी. जॉइन झाल्यावर ती सवलत होते, आधी ती अट असते. कोणते वार, किती ते किती, हे कागदावर लिहून दे. परीक्षेचे दिवसही आत्ताच सांग. पोरं हॉल तिकीट आल्यावर सुट्टी मागायला येतात, तेव्हा त्यांच्यासारखे आणखी सहा जण रांगेत असतात, कारण सगळ्यांचं विद्यापीठ एकच.

घासाघीस करताना तुझ्याकडे काय आहे ते ओळख. आठवड्याचे मधले दिवस दुकान निवांत असतं. खरी मारामार शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र. आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना लग्नं, साखरपुडे, मावसभावाची बारशी असतात. "शनिवार-रविवार कधीच चुकवणार नाही, पण साडेनऊच्या पुढे थांबणार नाही" असं म्हणणारी मुलगी मी डोळे मिटून घेतली असती.

हेही ऐकून ठेव : पार्टटाइमवाल्याला तासांची हमी नसते. २६ गुणिले ५ हे पगारपत्रकसाहेबांनी मांडलंय, ते भरल्या महिन्याचं. गटारीच्या आठवड्यात तुला जादा थांबवतील. श्रावण लागला की चिकन खपत नाही आणि तुझे तास निम्मे. लॅपटॉपचा हप्ता या पगारावर बांधू नकोस. आधी जमव, मग घे.

जॉइनिंगला मेडिकल असतं. खाण्याच्या धंद्यात काम करणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात आहे. खर्च कोण करणार ते विचार. युनिफॉर्मचं डिपॉझिट, रजिस्ट्रेशन फी असं काही कुणी मागितलं तर उठून ये. मोठ्या साखळ्यांच्या नावाने व्हॉट्सॅपवर अशा जाहिराती फिरतात, पाचशे-हजार घेतात आणि नंबर बंद. तू दुकानात जाऊन फॉर्म भरलास ते बरं केलंस.

तळणीवरचा

@रोस्टरवाला, मावसभावाची बारशी! मी स्वतः एकाच मावसभावाचं बारसं तीनदा केलंय. माफ करा सर.

रोस्टरवाला

माहीत होतं रे. दुसऱ्यांदाच कळलं होतं.

घोडबंदरचा_बाप

मी फारसा लिहीत नाही. माझा मुलगा कासारवडवलीहून तीन पेट्रोलपंपापर्यंत यायचा असल्याच कामाला. मला आवडलं नव्हतं. मी त्याला "नको" म्हटलं नाही, "कर" पण म्हटलं नाही. तुमचे बाबा पेपर घडी करतात तसं मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

आत्ता विचार करून लिहितोय. मला काम हलकं वाटत नव्हतं. माझ्या पगारात त्याचं भागत नाही हे त्याला कळलंय, हे मला कळलं होतं. त्यावर काय बोलायचं असतं, ते मला येत नव्हतं. बाबांना सल्ला विचारू नका. शिफ्ट कधी सुटते आणि कुठल्या गाडीने येणार, एवढं सांगा. रिक्षा स्टँडवर येऊन उभं राहायचं काम त्यांना द्या. ते येईल त्यांना.

फलाट_दहा_अ

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

काल रात्री मी वही घेऊन बसले. पास ऐरोली-ठाण्याचा कन्सेशनचा आहेच, म्हणजे गाडीचा वेगळा खर्च नाही. वाशीला काम असतं तर तो वाढला असता. मॉलपासून स्टेशनपर्यंत दिवसा बस मिळते, रात्री रिक्षा. रिक्षाला क्लोजिंगच्या दिवशी एका तासाच्या पगाराहून जास्त जातात! आणि ठाण्याला आमच्या फलाटापर्यंत पूल चढून जायचं, त्या वेळी गाड्यांमधलं अंतर वाढलेलं असतं, ऐरोलीला उतरून शेअर रिक्षा भरेपर्यंत बसायचं. पाच तासांच्या कामाला मी सात तास देणार, आणि क्लोजिंग असलं तर रात्री एकला घरी. पाचला परत उठायचं. चार तास झोपून टायट्रेशनचा एंड पॉइंट कसा दिसणार?

मास्तरांनी म्हटल्याप्रमाणे ऑफिसात विचारलं. लायब्ररीत दोन जागा होत्या, दोन्ही जुलैच्या पहिल्याच आठवड्यात भरल्या. पुढच्या वर्षी लवकर या म्हणाल्या.

आज मॅनेजरशी बोलायला जाणार. कागद लिहिलाय : शुक्रवार ५ ते ९, शनिवार २ ते ९, रविवार ११ ते ७. मंगळवार-गुरुवार नाही. साडेनऊनंतर नाही. परीक्षेचे आठवडे खाली लिहिलेत. हात थरथरतायत, हसू नका.

सेक्टर_पंधराची_काकू

जा गं. पाण्याची बाटली घे. आणि "सॉरी" ने सुरुवात करू नकोस.

फलाट_दहा_अ

सॉरीनेच सुरुवात केली, काकू.

तो कागद त्याने दोनदा वाचला. म्हणाला, असं सगळ्यांनी लिहून दिलं तर दुकान कोण बंद करणार? मला काही सुचलं नाही, मी म्हटलं, शनिवार-रविवार मी एकदाही चुकवणार नाही. मग म्हणाला विचार करून सांगतो. म्हटलं गेली नोकरी. स्टेशनपर्यंत चालत आले.

संध्याकाळी फोन आला. बुधवार ५ ते ९ पण दे, मग ठरलं. म्हणजे २३ तास. हो म्हणाले, या वेळी विचार करून. 'अप्रेंटिस' शब्द शोधला, नाहीये. मेडिकलचे पैसे ते देणार.

बाबांना गाडीची वेळ सांगितली. "बरं" म्हणाले.

बेरकी_बंड्या

अभिनंदन. पहिल्या पगाराची पार्टी कुठे? फ्राइज चालतील.

कटिंग_स्पेशल

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले की. @फलाट_दहा_अ, काय चाललंय?

फलाट_दहा_अ

आहे, आहे. सांगते.

लॉबीत तीन आठवडे, मग काउंटर. आत्या एकदा मुद्दाम बघायला आली होती. मी तिची ऑर्डर घेतली, तिने सुट्टे पैसे दिले नाहीत, आणि मी इतर गिऱ्हाइकांना विचारते तसंच "मॅडम, सुट्टे आहेत का?" विचारलं. घरी जाऊन आईला म्हणाली, पोरगी आगाऊ झालीये.

रोस्टरवाला काका बरोबर ठरले. गटारीच्या शनिवारी साडेनऊ वाजले तरी रांग होती, दोन मुलं आली नव्हती, आणि मॅनेजर माझ्याकडे बघत होता. तोंडाने काही म्हणाला नाही. मी थांबले, दहापर्यंत. त्याने डिलिव्हरीच्या रिक्षावाल्याला सांगून स्टेशनपर्यंत सोडायला लावलं. पुढच्या आठवड्यात परत तसंच बघितलं, तेव्हा मी टोपी काढून बॅगेत ठेवली. श्रावण लागल्यावर २३ तासांचे १४ झाले. लॅपटॉप दिवाळीला येणार होता, आता नाताळपर्यंत गेलाय. हप्त्यावर घेतला नाही, ते वाचलं.

पहिल्या पगारात चार तास कमी आले. एका शनिवारी मशिनने बाहेर पडायची वेळ धरलीच नव्हती. वही दाखवली, दुसऱ्या पगारात आले. @पगारपत्रक, तुम्हाला एक फ्राइज माझ्याकडून. यूएएन आला. ईएसआयचं कार्ड काढलंय, अजून लागलेलं नाही.

इंटर्नलला फिजिकल केमिस्ट्रीत कमी पडले. त्याला नोकरी कारण नाही, मला थर्मोडायनॅमिक्स बारावीपासूनच येत नाही.

तळणीवरचा

नाल्याची जाळी?

फलाट_दहा_अ

नऊला सुटणाऱ्याला नसते! पण फ्रायवर घालणार आहेत पुढच्या महिन्यात. हातावर काय लावायचं ते सांगून ठेवा.

तळणीवरचा

आधी वाहत्या पाण्याखाली धर, दहा-पंधरा मिनिटं, आणि मॅनेजरला लगेच दाखव. टूथपेस्ट, हळद काही लावू नको, कुणी कितीही प्रेमाने आणून दिलं तरी. बास्केट उजव्या हाताने उचल आणि डावा हात मागे ठेव. मी उलटं करायचो.

निवृत्त_मास्तर

थर्मोडायनॅमिक्ससाठी रविवारी रात्री साडेआठनंतर मला वेळ असतो. फोनवर. पैसे नकोत. तुमची शिफ्ट सातला सुटते, म्हणजे तोवर घरी पोहोचाल.

फलाट_दहा_अ

सर, या रविवारी चालेल? जेवून लावते फोन. मेसेजमध्ये नंबर द्याल का?